आतड्यातलं औषध, आतड्याला परकं

रक्ताची गुठळी रोखणारं हेपरिन १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुत्र्याच्या यकृतातून हाती लागलं. आज ते मुख्यतः कत्तलखान्यातल्या डुकरांच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. पण त्याचे अवजड, ऋणभारित रेणू तोंडावाटे घेतल्यास रक्तात पोहोचत नाहीत, म्हणून सुई अटळ. (आतड्यातून निघालेल्याला आतडंच दार उघडत नाही!) त्याच अस्तरातलं सुलोडेक्साइड मात्र कॅप्सूलमधून घेता येतं. नेहमीचे उपचार संपलेल्या ६१५ रुग्णांवरच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सर्व्हेट’ चाचणीत पुन्हा गुठळी झालेले औषधाच्या गटात ४.९ टक्के होते, नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ९.७, मोठा रक्तस्राव कोणालाच झाला नाही.

अपिक्साबानसारख्या कृत्रिम गोळ्या असताना प्राण्यांकडे कशाला वळायचं, हा आक्षेप रास्त आहे. तरीही रक्तस्रावाची धास्ती असलेल्यांसाठी सौम्य पर्याय हवा, असं आम्हाला वाटतं. २००८ मधल्या हेपरिन-भेसळीनं कच्च्या मालावरच्या देखरेखीची गरज दाखवलीच. शिवाय औषधाचं मूळ रुग्णाला आधी सांगायला हवं. हा अंक याच दोन अटींवर बोलतो. डुकराचा अंश असलेली कॅप्सूल तुम्ही घ्याल का? जरूर कळवा.