बोक्याचा कोरोना

मागच्या महिन्यात आमच्या चाळीतील एका घरच्या मांजराचे पोट फुगू लागले. बायका म्हणाल्या, "गाभण असंल." तो बोका आहे हे त्या घरातील सातवीतल्या मुलीने सांगितल्यावर सगळ्या हसल्या आणि विषय तेथेच राहिला. आठ-दहा दिवसांत बोक्याच्या पाठीचा कणा हाताला लागू लागला, पोट मात्र नगाऱ्यासारखे. तेव्हा मुलीने त्याला पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले, मांजरांच्या कोरोनाचा आजार दिसतो. झाले! 'कोरोना' हा शब्द चाळीत पोचला आणि रात्री बोक्याला पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून यायचे ठरले. मुलीची आई माझ्याकडे आली. "भाऊ, तुम्ही वाचता-लिहिता, तुम्हीच सांगा. घरात सासू दम्याची. काय करू?"

मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. दुसऱ्या दिवशी मायलेकींबरोबर दवाखान्यात गेलो, खोदून खोदून विचारले, नंतर वाचलेही. त्यातील कामाचे तेवढे वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही, की कोरोना हे एका विषाणूचे नाव नसून मोठ्या कुळाचे नाव आहे. २०२० साली ज्याने आपल्याला घरात कोंडले तो विषाणू वेगळा आणि मांजरांचा वेगळा. मांजरांचा हा आजार डॉक्टरांनी अमेरिकेत १९६३ सालीच नोंदवून ठेवला आहे, म्हणजे आपल्या कोरोनाच्या कितीतरी आधी. तो माणसाला होत नाही. सासूबाईंना बोक्यापासून हा रोग लागण्याचे भय नाही. मांजराच्या केसांनी दमा वाढू शकतो, पण तो प्रश्न निराळा.

माणसाचा कोरोना मात्र मांजराला होऊ शकतो. मार्च २०२० मध्ये बेल्जियममध्ये आजारी मालकाच्या मांजरात तो सापडला. पुढे मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांनाही झाला. उलट बाजूने, मांजर तोंडावर शिंकल्यामुळे पशुवैद्यकाला लागण झाल्याचे थायलंडमधील एक प्रकरण प्रसिद्ध आहे. पण असे क्वचितच. म्हणजे घरात कोणाला कोविड झालाच, तर माणसाने मांजरापासून दूर राहावयाचे. आपण मात्र त्या दिवसांत अफवांवर विश्वास ठेवून मुकी जनावरे रस्त्यावर सोडली.

आता बोक्याच्या रोगाकडे वळू. मांजरांचा कोरोना त्यांच्या विष्ठेतून पसरतो. जेथे बरीच मांजरे एकत्र राहतात, एकाच वाळूत घाण करतात, तेथे तो बहुतेकांच्या पोटात असतोच. थोडे जुलाब होतात, किंवा तेवढेही नाही. परंतु थोड्या मांजरांत, विशेषतः दोन वर्षांखालील पिल्लांत, हा विषाणू शरीरात असतानाच आपले रूप पालटतो आणि आतड्यातून निघून सर्वांगात पसरतो. मग पोटात किंवा छातीत पिवळसर चिकट पाणी साचते. काहींत पाणी होत नाही, पण डोळे गढूळ होतात, चाल लटपटते. ताप नेहमीच्या औषधांनी उतरत नाही. या रोगाला इंग्रजी आद्याक्षरांवरून एफआयपी म्हणतात. औषध मिळाले नाही तर मांजर बहुधा दगावते.

येथे एक फसगत होते. रक्तात कोरोनाचा अंश सापडला म्हणजे एफआयपी झाला असे नव्हे, कारण तो अंश धडधाकट मांजरांतही सापडतो. केवळ त्या एका कागदावर कोणी मांजराला मरणाचे इंजेक्शन देऊ नये. आमच्या डॉक्टरांनी पोटातील पाणी सुईने काढले आणि व्हिनेगारसारखे आम्ल घातलेल्या पाण्यात त्याचा एक थेंब सोडला. थेंब विरघळला नाही, तसाच लोंबत राहिला. एवढ्यानेच निदान पक्के होत नाही. पण थेंब विरघळला असता तर हा रोग बहुधा नाही असे म्हणता आले असते. मुलगी टक लावून बघत होती.

औषध नाही का? आहे. कॅलिफोर्नियातील विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ३१ आजारी मांजरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. २६ मांजरांनी १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा उपचार पुरा केला आणि त्यांतील बहुतेक जगली. हे औषध माणसांच्या रेमडेसिविरचे सख्खे भावंड. पण ते बनविणाऱ्या कंपनीने जनावरांसाठी ते बाजारात आणले नाही, आणि जगभरचे मांजरवाले चीनमधून चोरट्या मार्गाने येणाऱ्या बाटल्या घेऊ लागले. इंग्लंडमध्ये २०२१ पासून ते डॉक्टरांमार्फत रीतसर मिळू लागले.

सर्वांत मोठी साथ आली ती सायप्रस या बेटावर, २०२३ मध्ये. तेथे माणसाशेजारी पुरलेले साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे मांजर सापडले आहे, इतका तेथील मांजराचा आणि माणसाचा जुना सहवास. त्या वर्षी मांजरांचा विषाणू आणि कुत्र्यांचा कोरोना यांची सरमिसळ होऊन नवाच वाण निघाला, आणि तो मांजरापासून मांजराला भराभर लागू लागला. एका प्राणिमित्राने तीन लाख मांजरे मेल्याचे सांगितले. पशुवैद्यकांच्या संघटनेने दवाखान्यांत विचारपूस करून सुमारे आठ हजार म्हटले. आकडे जुळवण्यातच माझा जन्म गेला, पण एवढा फरक कोणत्याही वहीत पाहिला नाही. गल्लीत मेलेल्या मांजराची नोंद ठेवतो कोण? त्या सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये माणसांच्या कोविडसाठी आणून ठेवलेल्या मोल्नुपिराविरच्या उरलेल्या गोळ्या मांजरांसाठी खुल्या केल्या. एका गोळीला अडीच युरो. गोदामात पडून राहिलेल्या गोळ्यांचा हा उपयोग मला फार आवडला.

म्हणून आपणही घरातील उरलेल्या गोळ्या मांजराला द्याव्यात, असे मात्र कोणी समजू नये. तापावरची पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला विष आहे, एका गोळीनेही जीव जातो. औषध आणि मात्रा डॉक्टरच वजन करून ठरवतील.

आमच्या बोक्याला उशीर झाला होता. आईने पोत्याचा विचार सोडला, चाळीनेही मग काही म्हटले नाही. ८४ दिवसांच्या खर्चाचा हिशेब मी कागदावर मांडत होतो, तोवर पाचव्या दिवशी पहाटे तो गेला. त्याची वाळू फेकून दिली, भांडी साबणाने धुतली, जमीन फिनेलने पुसली. हा विषाणू साबणाने मरतो, पण वाळलेल्या घाणीत काही आठवडे टिकतो. दुसरे पिल्लू आणावयाचे असेल तर दोन महिने थांबा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेनने गोल केला आहे.