मतभेद नावाचा, मान दोघांचा

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पण त्याला नाव कोणाचे द्यावे, हा वाद त्याच्या कितीतरी आधी पेटला होता. २०२१ मध्ये सिडकोने शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे नाव सुचविले, तर भूमिपुत्रांनी लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नावाचा आग्रह धरला. १० जूनची मानवी साखळी आणि २४ जूनचा सिडको भवनावरील मोर्चा ही त्या आग्रहाची दृश्य रूपे होती.

या वादाकडे केवळ दोन नावांची झुंज म्हणून पाहणे योग्य होणार नाही. भूमिपुत्रांच्या मागणीमागे इतिहास होता. शहरासाठी येथील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्याचे नेतृत्व दि. बां.नी केले आणि संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचे तत्त्व त्यातूनच पुढे रुजले. ‘ज्याच्या लढ्याने ही भूमी ओळखली जाते, त्याचे नाव या भूमीवर असावे’, हा युक्तिवाद स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो. त्याला बाळासाहेबांच्या निंदेचा टेकू लागत नाही. उलटपक्षी, बाळासाहेबांविषयी आदर बाळगणाऱ्यांनाही प्रकल्पग्रस्तांची वेदना क्षुल्लक ठरविण्याचे कारण नाही.

वादात गल्लत होते ती नेमकी येथे. मुद्दा संपला की माणसावर घसरावयाचे, आणि त्याच्या श्रद्धास्थानावर चिखल उडविला की आपला पक्ष सिद्ध झाला, असे समजावयाचे! मोबाईलच्या पडद्यावर हे अधिकच सोपे होते. कारण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. पनवेल स्थानकावर मात्र दोघांनाही उद्या त्याच लोकलमध्ये शेजारी बसावयाचे असते.

२९ जून २०२२ रोजी, सत्तेच्या अखेरच्या दिवशी, उद्धव ठाकरे यांच्याच मंत्रिमंडळाने दि. बां.च्या नावाला मान्यता दिली. त्यामागे राजकीय निकड नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. तथापि वडिलांच्या नावाचा प्रस्ताव बाजूस सारून दुसऱ्या नावास मान्यता देणे, यात त्या वडिलांचा अवमान झाला नाही, हेही तितकेच खरे. प्रतिपक्षाला मत बदलावयाचे असेल, तर मान खाली न घालता परत येण्याची वाट मोकळी असावी लागते. अपमान ती वाट बुजवून टाकतो. मग पटलेली गोष्टही मनुष्य केवळ हट्टापायी नाकारतो.

सौजन्य म्हणजे माघार नव्हे. मागणी ठाम असावी, शब्द मोजके असावेत आणि विरोधकाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा रीतीने प्रथम मांडता यावे. वर्गातील वादविवादस्पर्धेत शिक्षक हाच धडा देतात. तो वर्गाबाहेर टिकला, तर वाद मिटल्यावरही शेजार शिल्लक राहील.