पडद्यावरील रंगपरीक्षा
मोबाईलच्या पडद्यावर ठिपक्यांतील आंकडे ओळखून आपली रंगदृष्टि ठरविण्याची संवय विद्यार्थ्यांत वाढत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. जपानी नेत्रवैद्य शिनोबु इशिहारा यांचे १९१७ सालचे हे तक्ते मूळचे कागदावरचे, दिवसाच्या उजेडांत पाहावयाचे. पडदा तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणानें रंग दाखवितो; तें प्रमाण यंत्रागणिक बदलतें, आणि रात्रीसाठीं लाविलेली पिवळसर छटा तशीच राहिली कीं सारेच रंग पालटतात. चष्मा जुना झाला असेल तर ठिपकेच पुसट! मग दोष डोळ्याचा कीं यंत्राचा? आगगाडी चालविण्याची उमेद बाळगणाऱ्या मुलास तांबडा-हिरवा सिग्नल ओळखावा लागतो. त्यास पालकांनीं अशा निकालावरून परावृत्त करूं नये, निश्चिंतही करूं नये. नेत्रवैद्याकडून छापील तक्त्यांवर तपासून घ्यावें.