शेकोटीच्या लाकडाची गिटार

दोस्तांनो, तुमच्यातल्याच एकानं पत्रात तक्रार केली आहे, ‘मी रॉक संगीत लावलं, की बाबा विचारतात, हे गाणं आहे की पत्र्यावर दगडफेक?’

आता गंमत ऐका. जगातल्या एका नामांकित रॉक गिटारचा जन्म एका बाबांच्याच हातून झालाय! तेव्हा आजचं हे पान बाबांनाही वाचायला द्या.

ही गोष्ट आहे लंडनजवळच्या एका साध्या घरातली. साल १९६३. सोळा वर्षांच्या ब्रायन मे या शाळकरी मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, पण दुकानातली गिटार घेणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी काय होतं? एक तर रुसवा, नाही तर ‘पुढच्या वर्षी बघू’. ब्रायनचे वडील हॅरॉल्ड मात्र इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. बापलेकांनी ठरवलं, आपणच करू!

थंडीच्या देशात घरात भिंतीला शेकोटी असते. अशाच एका मोडीत निघालेल्या शेकोटीच्या चौकटीचं शंभरेक वर्षांचं लाकूड त्यांना मिळालं. त्यातून गिटारची मान घडली. लाकडाला कीड लागून भोकं पडली होती, ती आगकाडीच्या काड्यांनी बुजवली! मानेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घेतली. गिटारला एक दांडा असतो. तो दाबला, की तारा सैल होऊन सूर खाली घसरतो. त्यासाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा वापरल्या आणि दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचं टोक बसवलं. काम चाललं जवळजवळ दोन वर्षं. हीच ती ‘रेड स्पेशल’.

पण ही गिटार वाजते कशी? तारांखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार छेडली, की ती चुंबकीय क्षेत्रात थरथरते आणि वेढ्यांमध्ये इवलासा वीजप्रवाह निर्माण होतो. अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवतो आणि स्पीकर त्याचा आवाज करतो. हे तत्त्व मायकेल फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं होतं. म्हणजे बघा, पाठ्यपुस्तकातला चुंबकाचा धडा आणि रॉकचा दणदणाट सख्खे भाऊच की!

पुढे १९७० मध्ये ‘क्वीन’ हा बँड उभा राहिला. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. आणि त्याची शाळा कुठली? आपली पाचगणी! तिथंच त्यानं मित्रांबरोबर पहिला बँड काढला होता.

ब्रायननं लिहिलेलं ‘वुई विल रॉक यू’ १९७७ साली आलं. त्यात ड्रम नाहीतच. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी, बस्स! शब्दही नीट ऐका. तीन कडव्यांत आधी एक पोरगा येतो, मग तरुण, मग म्हातारा. सगळ्या आयुष्याची गोष्ट दोन मिनिटांत! आणि गिटार येते ती अगदी शेवटी.

पण सगळं सुरळीत झालं असं समजू नका हं. ब्रायन खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होता. संगीतासाठी त्यानं ते अर्धवट सोडलं, तेव्हा गिटार करून देणारे तेच बाबा फार दुखावले. दोघांत बराच काळ अबोला होता. मग ब्रायननं आईवडिलांना न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला कार्यक्रम पाहायला नेलं. हजारो लोक आपल्या मुलाची गिटार ऐकताना त्यांनी पाहिले. कार्यक्रमानंतर वडिलांनी कबूल केलं, की आता आपल्याला कळलं.

आणि ती पीएच.डी.? ब्रायननं ती २००७ साली पूर्ण केली, साठीला टेकल्यावर! विषय होता सूर्यमालेतली धूळ. २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्यानं ब्रिटनचं राष्ट्रगीत वाजवलं, तेही याच शेकोटीच्या लाकडावर.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या दोस्ता, आज एक कर. आवाज जरा कमी ठेव आणि बाबांना शेजारी बसवून एकच गाणं ऐकव. कुठे टाळी येते, कुठे गिटार येते, ते आधी सांग. मग त्यांना त्यांच्या आवडीचं एक गाणं लावायला सांग आणि तूही तितक्याच मनापासून ऐक. आणि बाबा, तुम्हीही! अडगळीतलं एखादं लाकूड पोरानं मागितलं, तर लगेच नाही म्हणू नका.

काय, ऐकणार ना? मग काय झालं ते मला जरूर कळवा!