हार घाला, पण फाइल मागा!

वाचकहो, कार्यालयातला जाणता माणूस गेला की मागे एक प्रश्न हमखास उरतो : हे असे का करून ठेवले आहे? लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचे तर हे जुनेच दुखणे. आज एक प्रोग्रॅम बसवला, उद्या कुठली ओळ बदलली, परवा दुसरी खोडली. असे ते यंत्र एकाच माणसाच्या हाताखाली वाढते. तो गेला तरी यंत्र चालत राहते. बंद पडले, की मात्र ते पुन्हा उभे कसे करायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

यावर नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठात एक तोडगा निघाला. ईल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ साली आपल्या प्रबंधात ‘निक्स’ ही पद्धत मांडली. ‘निक्सओएस’ ही लिनक्सची आवृत्ती तिच्यावरच उभी आहे.

मर्म साधे आहे. ‘हे कर, मग ते कर’ असे हुकूम सोडत बसायचे नाही. ‘तू असे असावेस’ एवढे फाइलीत लिहायचे. वापरणारे कोण, प्रोग्रॅम कोणते, कोणत्या सेवा चालू, सारे तिथेच. मग एक आज्ञा दिली, की यंत्र त्याबरहुकूम आपली मांडणी करते. ओळ खोडून पुन्हा आज्ञा द्या. ती सेवा नव्या मांडणीत नसते.

गंमत अशी, की नवी मांडणी जुनीला पुसत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम ३२ चिन्हांच्या खुणेसह आपापल्या कप्प्यात राहतो. नवी मांडणी बिघडली, तर यंत्र सुरू होतानाच यादीतून कालची निवडावी. जागा मात्र भरत जाते. अधूनमधून झाडलोट हवीच. आणि यंत्रच जळाले, तर यंत्रसामग्रीच्या चार नोंदी बदलून तीच फाइल दुसऱ्यापुढे ठेवावी.

पण भ्रमात राहू नका! फाइल यंत्राची घडण जपते, तुमची पत्रे आणि हिशेब नव्हेत. त्यांची नक्कल वेगळीच ठेवावी. पासवर्डही तिच्यात लिहू नयेत. ते कप्प्यांत उतरले, तर यंत्रावरच्या कोणालाही वाचता येतात. शिवाय निक्सची भाषा पहिल्या दिवशी कोणालाच वश होत नाही.

तरीही ते कष्ट सोसावेत. एका माणसाच्या आठवणीला सारे कार्यालय टांगून ठेवणे त्याच्यावरही अन्यायच. बिचाऱ्याला सुखाने रजाही घेता येत नाही. तेव्हा तो निघेल त्या दिवशी हार जरूर घाला. फाइल मात्र त्याआधीच मागून घ्या!