अंधारात हलविलेले पुतळे

देवळीहून वर्धा ओलांडले की सेवाग्राम लागते. १९३६ साली गांधीजी तेथे राहावयास आले आणि या जिल्ह्याचे नाव जगभर गेले. त्याच गांधीजींचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये घानाच्या अक्रा येथील विद्यापीठातून रात्रीतून हलविण्यात आला. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्याचे अनावरण करून जेमतेम अडीच वर्षे झाली होती. दक्षिण आफ्रिकेतील आरंभीच्या काळात गांधीजींनी कृष्णवर्णीयांना हीन लेखणारे शब्द वापरले, हा तेथील प्राध्यापकांचा आक्षेप. ते शब्द त्यांच्या समग्र वाङ्मयात छापलेले आहेत. आक्षेप निराधार म्हणता येत नाही. तरीही ही वार्ता वर्धा जिल्ह्याला बोचावी, हे स्वाभाविकच.

मात्र महाराष्ट्रात असेच घडले तेव्हा ही बोच कितीजणांना जाणवली? पुण्याच्या लाल महालातील दादोजी कोंडदेवांचा पुतळा महापालिकेने डिसेंबर २०१० मध्ये हलविला; ठराव हाती असूनही रात्री, पोलीस बंदोबस्तात. राम गणेश गडकऱ्यांच्या वाट्याला तर ठरावही आला नाही. ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकातील संभाजीराजांच्या चित्रणाचा राग धरून जानेवारी २०१७ मध्ये त्यांचा पुतळा संभाजी उद्यानातून उखडून मुठेत फेकण्यात आला. दादोजी शिवरायांचे गुरू होते काय, हा वस्तुतः कागदपत्रांचा प्रश्न. तो पोलिसांच्या पहाऱ्यात कसा सुटावा?

याहून निराळी रीत या देशाला ठाऊक होती. १८५७ मध्ये अलाहाबाद आणि कानपूर येथे अमानुष सूड उगविणाऱ्या जनरल नीलचा पुतळा मद्रासच्या माउंट रोडवर उभा होता. तो काढावा म्हणून १९२७ साली सत्याग्रह झाला. स्वयंसेवक हातोडे घेऊन उघडपणे गेले, पकडले गेले, तुरुंगात गेले. गांधीजींनी पाठिंबा दिला, पण अहिंसेची अट घालून. अखेर १९३७ मध्ये राजाजींच्या कारकिर्दीत पुतळा रस्त्यावरून निघून वस्तुसंग्रहालयात गेला.

दहा वर्षे हा काळ थोडा नव्हे. ज्याला एखादा पुतळा रोज अपमान वाटतो, त्याला इतके थांबा म्हणणे सोपे असते. सांगणाऱ्याचे काही जात नाही. परंतु त्या दहा वर्षांत नीलने काय केले, हे मद्रासच्या शाळकरी मुलालाही कळले. पुण्यातल्या त्या दोन रात्रींनी दादोजींविषयी किंवा गडकऱ्यांविषयी कोणाला काय नवे कळले? अक्र्याच्या विद्यापीठाला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार वर्ध्याला जरूर आहे. मात्र तो आधी पुण्याला विचारावा लागेल.