स्वयंपाकघर ही प्रयोगशाळा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही

माझ्या मुलीला दहाव्या वाढदिवसाला आकाशाचा केक हवा होता. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी विक्रम लँडर चंद्रावर उतरलं तेव्हापासून तिच्या डोक्यात हे वेड बसलं आहे. वहीच्या शेवटच्या पानांवर ग्रह, गच्चीवर चटई टाकून तारे, आणि मला सतत प्रश्न. बेकरीतला असा केक आम्ही एकदा एका लग्नात खाल्ला होता. गडद निळा, वर चकचकीत चांदण्या. खाल्ल्यावर सगळ्या पोरांच्या जिभा दौतीत बुडवल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणून मी ठरवलं की केक घरी करायचा आणि रंग घरातलेच वापरायचे.

आमच्या घरात वाढदिवस साजरा करण्याबद्दल एकमत नाही. सासूबाईंना केक कापणं पसंत नाही. त्यांचा मान ठेवून मेणबत्त्या कधी लावत नाही. मगरिबनंतर दुआ होते आणि मग गोड वाटलं जातं. भाजण्याचं म्हणाल तर ते आम्हाला नवीन नाही. माझ्या लहानपणी ईदच्या आधी अम्मी घरून मैदा, तूप, साखर घेऊन मोहल्ल्यातल्या भट्टीवर जायची आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणायची. दिवाळीच्या आधी त्याच भट्टीवर शेजारच्या काकूंचे पत्रे लागलेले असत. आता भट्टीच्या जागी ओट्यावर ओटीजी आला, एवढाच फरक.

रंगाबद्दल दोन गोष्टी आधी सांगते. आपल्या देशात खाद्यपदार्थांत आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि त्यांचं प्रमाणही ठरवून दिलेलं आहे. त्यांतल्या एरिथ्रोसिन या लाल रंगावर अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये बंदी जाहीर केली. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंगांचा मुलांच्या चंचलपणाशी संबंध दिसला. त्यानंतर युरोपात २०१० पासून असे सहा रंग असलेल्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. म्हणून घाबरून जावं असं नाही, पण दहा वर्षांच्या मुलीचा केक निळा करण्यासाठी बाटली उघडायची गरज मला वाटली नाही.

दुसरी गोष्ट, ‘नैसर्गिक’ या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आम्हा मुस्लिम घरांतल्या बायकांना पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायची सवय असते, ती इथे उपयोगी पडते. ई१२० म्हणजे कार्माइन हा लाल रंग अगदी नैसर्गिकच असतो, पण तो कोचिनिल नावाच्या किड्यापासून काढतात. केकवर आरशासारखा जो चकचकीत थर देतात, त्यात बहुतेक वेळा जिलेटिन असतं. मी चायना ग्रास वापरलं. रमजानमध्ये फालुद्यासाठी आणलेलं पाकीट घरात होतंच.

पहिला केक मी एका रविवारी करून पाहिला. कंपाउंडच्या वेलावरची गोकर्णाची फुलं वाळवून ठेवली होती. पंधरा-वीस फुलं अर्धी वाटी गरम दुधात भिजवली. दूध असं सुरेख निळं झालं की मुलगी टाळ्या पिटायला लागली. मैदा, साखर, लोणी, तीन अंडी, दही, खायचा सोडा, सगळं नेहमीच्या मापाने घेतलं. केक भाजून बाहेर आला तो हिरवट करडा. मुलगी म्हणाली, “अम्मी, हे आकाश नाही, हा तलाव झाला.” बिटाच्या रसाचा दुसरा थर केला होता, तोही वरून तपकिरी पडला. हळदीच्या थरात जिथे सोड्याची गाठ राहिली तिथे लाल ठिपके उमटले.

मी भाषा शिकवते, उर्दू आणि मराठी. केक हिरवा का झाला हे मला सांगता येईना. म्हणून मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. ती घरी केकच्या ऑर्डर घेते. तिचे केक इतके देखणे असतात की आमच्या भागातल्या निम्म्या समारंभांना तिचाच केक असतो.

तिने ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, “आपा, सोडा जास्त झाला. आठवीतला लिटमस आठवत नाही का? गोकर्णाचा रंग तसाच आहे. लिंबू पिळलं की जांभळा, सोडा घातला की हिरवट. आणि तुम्ही अंड्याचा पिवळा बलक घातला, पिवळं लोणी घातलं. निळ्यात पिवळं मिसळलं की काय होतं?”

मग तिने एकेक गोष्ट सांगितली. निळ्या थरासाठी फक्त अंड्याचा पांढरा भाग घ्यायचा आणि लोण्याऐवजी बिनरंगी तेल. सोड्याऐवजी बेकिंग पावडर, कारण तिच्यात सोड्याच्या जोडीला आम्ल असतं. अंड्याचा पांढरा भागही थोडा अल्कलीकडे झुकतो, म्हणून लिंबाचे चार थेंब टाकायचे, पण मोजून. जास्त झाले तर निळ्याचा जांभळा होतो. ओटीजी १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवायचा. बिटाचा रंग उष्णतेने मोडतो, त्यालाही दही-लिंबाचा आधार लागतो. तरी कडा तपकिरी होणारच, तेव्हा त्या थराला मंगळ म्हणावं आणि मोकळं व्हावं. काळ्या रंगासाठी कोको घ्यायचा, कोळशाची पूड नको. तो कोळसा औषधंही शोषून घेतो आणि सासूबाई रोज गोळ्या घेतात. हळदीचं तर मला माहीत असायला हवं होतं. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हळदीच्या डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे आपल्याकडे कोणत्या बाईने पाहिलं नाही?

फोन ठेवला आणि मी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले. इतक्या सोप्या शब्दांत आणि इतकं बिनचूक रसायनशास्त्र मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि ते सांगणाऱ्या मुलीने दहावीनंतर विज्ञान घेतलं नव्हतं.

का घेतलं नाही, याचं उत्तर मला ठाऊक आहे. त्या उत्तरात मीही आहे. ती दहावीत असताना मी तिची वर्गशिक्षिका होते. निकालानंतर तिचे वडील शाळेत आले. विज्ञान शाखेचं कॉलेज गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून जावं लागे. शिकवणं सगळं इंग्रजीतून. त्यांनी मला विचारलं, “आपा, आप क्या बोलते?” मी म्हणाले, जवळच्या कॉलेजात आर्ट्सला घाला, मुलीची जात, ये-जा सोपी पडेल. त्यांना माझा शब्द पुरेसा होता. मी बीएड केलेली, मोहल्ल्यातली शिकलेली बाई. त्या दिवशी मला वाटलं की मी निदान तिचं शिक्षण सुरू तरी ठेवलं. बारावीनंतर तेही थांबलं.

आज मला तिच्या केकबद्दल तक्रार नाही. ती स्वतःच्या कष्टाचं कमावते, घराला हातभार लावते, रीतसर नोंदणी करून काम करते. तिच्याकडे बिचारी म्हणून पाहणाऱ्याला मीच दोन शब्द सुनावेन. माझी तक्रार वेगळी आहे. महिला मेळाव्यांत, शाळांच्या कार्यक्रमांत एक वाक्य हमखास ऐकू येतं की ‘स्वयंपाकघर हीच स्त्रीची प्रयोगशाळा’. टाळ्या पडतात. मीही पाडल्या आहेत, आणि वाक्यात चूक काहीच नाही. त्या रविवारी माझ्या ओट्यावर तीन प्रयोग झाले आणि तिन्ही आठवीच्या पुस्तकातले होते. पण हे वाक्य मुलांना कोणी ऐकवत नाही. मुलाला प्रयोगशाळा पाहिजे म्हटलं की कॉलेजची फी भरतात. मुलीला पाहिजे म्हटलं की ओटा दाखवतात.

उर्दू शाळेतल्या मुलीची अडचण तर तिहेरी आहे. तिने आम्लाला ‘तुर्शा’ आणि अल्कलीला ‘असास’ म्हणून शिकलेलं असतं. मराठीच्या तासाला तिला ‘आम्ल’ भेटतं. अकरावीत एकदम ‘ॲसिड’ आणि ‘बेस’ समोर येतात, आणि वर्गातल्या बाकीच्यांना ते आधीच पाठ असतात. तिला विषय येत असतो, फक्त त्याचं नाव येत नसतं. पहिल्या दोन महिन्यांत ती गप्प बसायला शिकते आणि दिवाळीनंतर कॉलेजला जाणं बंद करते. अशा मुली मी पाहिल्या आहेत. लोक म्हणतात, डोकं चाललं नाही. डोकं चालत होतं, आम्ही तिला शब्द दिले नव्हते.

आणि गंमत अशी की ‘अल्कली’ हा शब्दच अरबीतून युरोपात गेला. खाऱ्या जमिनीत उगवणारी झुडपं जाळून जी राख करत तिला ‘अल्-किली’ म्हणत. ताऱ्यांचीही तीच कथा. आपण जिला रोहिणी म्हणतो ती इंग्रजीत अल्डेबरान, म्हणजे अरबीतला ‘अद्-दबरान’, मागून येणारा. कोणाच्या मागून? कृत्तिकांच्या. आणि कृत्तिकांचं अरबी नाव सुरय्या. आमच्या प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी सुरय्या असते आणि तिच्या नावाचा तारकापुंज हिवाळ्यात डोक्यावर येतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अल्-सूफींनी इसवी सन ९६४ च्या सुमारास तारकांवर ग्रंथ लिहिला, हे आपण सीरतच्या जलशात, शाळेच्या भाषणात अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण हजार वर्षांपूर्वीच्या सूफींचं नाव घेऊन उतरायचं आणि घरी येऊन मुलीला दोन बस बदलून जायची परवानगी नाकारायची, हा कसला अभिमान?

म्हणून माझ्यासारख्या शिक्षकांना काही सुचवावंसं वाटतं. आठवीपासून विज्ञानाचा प्रत्येक शब्द फळ्यावर तीन भाषांत लिहावा. तुर्शा, आम्ल, ॲसिड एका ओळीत. त्याला सरकारी आदेश लागत नाही, खडू लागतो. भाषेच्या शिक्षकांनीही हे करावं. मी या जूनपासून मराठीच्या तासाला सुरू केलं आहे. शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीच्या दिवशीच उघडत असेल तर ते रोज उघडायला लावावं. आणि दहावीनंतर एखादा बाप सल्ला विचारायला आला, तर त्याला सोयीचं उत्तर देऊ नये. बसचा पास, सोबत जाणारी दुसरी मुलगी, पहिल्या सहा महिन्यांची इंग्रजीची शिकवणी, याचा मार्ग त्याच्याबरोबर बसून काढावा. अवघड वाटलं तर जरूर अवघड आहे म्हणावं, पण नको म्हणू नये.

वाढदिवसाच्या दिवशी केक जमला. खाली कोकोचा काळा थर, मधे कडा तपकिरी झालेला बिटाचा मंगळ, वर गोकर्णाचा निळा. बाटलीतल्या रंगाइतका भडक नाही, पावसाळ्यातल्या संध्याकाळसारखा मळकट निळा. चायना ग्रास साखरेच्या पाण्यात उकळून त्यात गोकर्ण घातलं आणि त्याचे दोन भाग केले. एका भागात लिंबू पिळताच मुलीच्या डोळ्यांदेखत निळ्याचं जांभळं झालं. ते तिने तीनदा करून पाहिलं, त्यात दोन लिंबं वाया गेली. चायना ग्रास फ्रिजबाहेरच घट्ट होतं, त्यामुळे कोमट असतानाच दोन्ही रंग केकवर ओतावे लागले. वर तिने पांढऱ्या तिळांचे तारे लावले. एका कोपऱ्यात सात तीळ जवळजवळ, ती सुरय्या. थोड्या अंतरावर रोहिणी. ती तांबूस दिसते, म्हणून तिच्यासाठी सोलापुरी डाळिंबाचा एक दाणा. सासूबाईंनी सात तीळ बोटाने मोजले. म्हणाल्या, “मेरी नानी का नाम सुरय्या था.” आणि पहिला तुकडा त्यांनीच मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी उरलेला केक डब्यात घालून त्या विद्यार्थिनीकडे गेले. तिने निळा थर उजेडात धरून पाहिला. म्हणाली, लिंबाचे दोन थेंब अजून चालले असते. मग मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच बोलली, “आपा, धाकटी दहावीला आहे. तिला सायन्स घ्यायचंय. अब्बा तुमचं ऐकतात.”

शुक्रवारी ते घरी असतात. मी जाणार आहे. या वेळी काय बोलायचं ते मला माहीत आहे.